किती पट?

दुर्बीण घेतली, असं पुण्यात कुणालाही सांगितलं की समोरून एकच प्रश्न येतो, "किती पट?" आरसा केवढा, नाभीय अंतर किती, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, यातलं कुणी काही विचारत नाही. आपण आकडा सांगितला की समोरचा क्षणभर दयेनं बघतो आणि म्हणतो, "आमच्या मेव्हण्याकडची यापेक्षा जास्त आहे." हा मेव्हणा कधी भेटत नाही, त्याची दुर्बीणही कधी दिसत नाही. पट मात्र नेहमी त्याचीच जास्त असते.

माझ्या दुर्बिणीच्या खोक्यावर '५२५ पट' असं ठसठशीत छापलं होतं. शेजारी शनीचा फोटो होता. तो काढायला यान थेट शनीपर्यंत गेलं असणार, हे मला पैसे भरल्यावर सुचलं. आत ७६ मिलिमीटर व्यासाचा आरसा बसवलेली नळी, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची चिठ्ठी, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा उभा राहणारा ट्रायपॉड, आणि थर्मोकोलच्या खोबणीत ओळीनं निजवलेली काळी नळकांडी. एकावर 'एच २०', दुसऱ्यावर 'एच १२.५', तिसऱ्यावर 'एसआर ४' आणि सगळ्यांत लांबुडक्यावर '३ एक्स'. ही आयपीस. मराठीत यांना नेत्रिका म्हणतात. शब्द छानच आहे, पण दुकानात जाऊन "नेत्रिका आहे का?" असं विचारलं, तर "ती आज आली नाही" असं उत्तर मिळायची भीती वाटते.

दुर्बिणीचं तत्त्व साधं आहे. मोठा आरसा प्रकाश गोळा करून नळीच्या तोंडाशी एक चिमुकली प्रतिमा तयार करतो आणि ती आपण आयपीसच्या भिंगातून मोठी करून बघतो. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागलं की पट मिळते. म्हणजे २० चं आयपीस लावलं तर ७०० भागिले २०, ३५ पट. ४ चं लावलं तर १७५ पट. त्याला '३ एक्स' लिहिलेली बार्लो नावाची नळी जोडली की गुणिले तीन, ५२५ पट. खोकं खोटं बोलत नव्हतं. भागाकार बरोबर, गुणाकार बरोबर. फक्त त्यातून दिसतं का, हे गणितात विचारलेलं नव्हतं.

गणपती उठल्यावर आकाश जरा मोकळं झालं तसा मी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागायला गेलो. किल्लीची वही असते. तीत नाव, फ्लॅट, वेळ आणि 'कारण' असा रकाना आहे. मी 'शनी' असं लिहिलं. सेक्रेटरींनी वही स्वतःकडे वळवून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साडेसाती का हो?"

वर गेल्यावर मी अर्थातच ४ चं आयपीस आणि बार्लो दोन्ही एकदम लावलं. ज्यानं ५२५ पट विकत घेतली आहे, तो पहिल्या रात्री ३५ पटीत बघत नाही. बुफेचे पैसे भरून साध्या वरणभातानं सुरुवात करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण ५२५ पटीत एका वेळी दिसणारं आकाश चंद्राच्या नवव्या हिश्श्याहून मोठं नसतं. त्यात शनी शोधणं म्हणजे किल्लीच्या भोकातून पर्वतीवरचा आपला माणूस शोधणं. पाऊण तास मी करडा अंधार पाहिला. मग अचानक एक लांब, वाकडी, काळी रेघ दिसली. तिच्या मागून आणखी चार. मी श्वास रोखला. रेघांची उघडझाप होत होती. सहाव्या उघडझापीला कळलं, या माझ्याच पापण्या.

त्या आयपीसला डोळा एवढा चिकटवावा लागतो, की पापण्यांनी काच पुसली जाते. त्यातून येणारा प्रकाशाचा झोत टाचणीच्या अणीएवढा, त्यामुळे डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे ठिपके आणि धागेसुद्धा स्पष्ट दिसतात. थोडक्यात, त्या रात्री मी शनीच्या नावानं दीड तास स्वतःचा डोळा तपासला. नेत्रतज्ज्ञ याचे वेगळे पैसे घेतात.

खाली आल्यावर ही कहाणी मी स्वयंपाकघरात सांगितली. बायको पोळ्या करत होती. तिनं लाटणं न थांबवता विचारलं, "प्रकाश गोळा करणारा आरसा केवढा म्हणालात?"

"शहात्तर मिलिमीटर."

"म्हणजे गोळा तेवढाच. मग पोळी केवढी लाटताय?"

"पाचशे पंचवीस पट."

"अहो, फाटेल नाही तर काय होईल?"

प्रकाशशास्त्राची पुस्तकं मी नंतर वाचली. त्यांत याहून वेगळं काही नाही. आरशानं गोळा केलेला प्रकाश म्हणजे कणकेचा गोळा. पट वाढवली की तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरतो, म्हणजे पोळी पातळ होते. एका मर्यादेनंतर तपशील वाढत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो. ढोबळ नियम असा, की आरशाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पट, त्यापुढे जाऊ नये. माझ्यासाठी १५२. म्हणजे ४ चं आयपीस बार्लोशिवायही मर्यादेबाहेरच होतं. खोक्यातली सगळ्यांत भारी वस्तू म्हणून जी मी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती, ती मुळात वापरायची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी प्लॉसल नावाचं चांगलं आयपीस आणायला निघालो. चष्म्याच्या दुकानात भिंगं मिळतात, मग हेही मिळेल, अशा भाबड्या हिशेबानं लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात शिरलो.

"दहाचं भिंग हवंय."

"दहा? बापरे. प्लस की मायनस?"

"तसं नाही. दहा मिलिमीटर. प्लॉसल."

"फ्रेम नाही आली ती अजून. कुणासाठी हवंय?"

"शनीसाठी."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समोरच्या तक्त्यावरची तिसरी ओळ वाचायला सांगितली.

शेवटी जाणत्यांना विचारायचं ठरवलं. पुण्यात त्यांची वाण नाही. टिळक स्मारक मंदिराच्या आवारात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ साली सुरू झालेली ही संस्था हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. त्याच्याही आधी, १८८८ मध्ये, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे वीस इंची आरशाची ग्रब बनावटीची दुर्बीण बसवली होती, त्या काळी देशातली सगळ्यांत मोठी. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. निवृत्तीनंतर माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. इथे दुर्बीण गेली.

आजच्या मोठ्या दुर्बिणींना मात्र आयपीसची कटकट नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि डोळा लावायला एकही भोक नाही. त्या रेडिओ लहरी ऐकतात. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, तिथेही काम कॅमेरे आणि उपकरणं करतात. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ पडद्याकडे बघतो. गार वाऱ्यात एक डोळा मिटून, मान वाकडी करून, तोंड उघडं ठेवून बघायचा मान फक्त आम्हा हौशी मंडळींकडे राहिला आहे.

या मंडळींतल्या एका जाणत्या गृहस्थांना मी माझी नळकांडी दाखवली. त्यांनी 'एच २०' हातात घेतलं, दिव्यासमोर धरलं आणि म्हणाले, "हे हायगेन्स. सतराव्या शतकातली रचना आहे." मला अभिमान वाटला. "घरात इतकी जुनी वस्तू असणं चांगलं," ते म्हणाले, "फक्त ती वापरायची नसते." एसआर म्हणजे रॅम्सडेन, तीही अठराव्या शतकातली. मग कळलं की आयपीसची वंशावळ चित्पावनांच्या कुलवृत्तान्तापेक्षा कमी गुंतागुंतीची नाही. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमोन प्लॉसल यांनी १८६० मध्ये काढलेली चार भिंगांची रचना आजही नवशिक्यांचं पहिलं चांगलं आयपीस मानली जाते. १८८० मधलं आबे यांचं ऑर्थोस्कोपिक ग्रहांसाठी नावाजलेलं. आणि अमेरिकेच्या अल नागलर यांचं ८२ अंशांचं आयपीस म्हणजे श्रीमंताघरचं स्थळ. बघायला जावं, बघून यावं, हो म्हणू नये.

हे अंश म्हणजे काय, तर आयपीसला डोळा लावल्यावर समोर दिसणारं गोल पटल केवढं रुंद वाटतं, त्याचं माप. माझं स्वस्त चारचं म्हणजे न्हाणीघराचा झरोका, फार तर तीस अंश. प्लॉसल पन्नास अंशांच्या आसपास, म्हणजे माडीची खिडकी. नागलर म्हणजे डेक्कनवरच्या बंगल्याची गॅलरी. पट तीच असली तरी झरोक्यातून रस्ता दिसतो आणि गॅलरीतून मिरवणूक.

"आयपीसच्या नळीचा व्यास मोजून घ्या," त्यांनी बजावलं. "तुमची सव्वा इंची आहे. काही जुन्या स्वस्त दुर्बिणींना ०.९६५ इंची लागतं, त्यांना हे बसत नाही." जगभरात आयपीसचं प्रमाण माप सव्वा इंच आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. सत्यनारायणाच्या प्रसादानंतर सव्वाला एवढा मान दुसरीकडे कुठे उरलेला नाही.

मग चष्म्याचा प्रश्न. प्लॉसलमध्ये आयपीसपासून डोळा किती लांब ठेवता येतो, ते अंतर नाभीय अंतराच्या साधारण सत्तर टक्के असतं. म्हणजे १० च्या प्लॉसलला जेमतेम सात मिलिमीटर. चष्मा घालून बघायचं तर पंधरा-वीस तरी हवेत. पण नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून ठेवावा. फोकसचं चाक फिरवलं की दुर्बीणच आपला नंबर सांभाळून घेते. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र ते जमत नाही. मग लांबून बघू देणारं महागातलं आयपीस घ्यावं.

बार्लो या वस्तूबद्दलही माझा गैरसमज होता. एकोणिसाव्या शतकातल्या पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाची ही देणगी. ती म्हणजे थेट आमच्या बी विंगमधल्या काकू. त्यांच्याकडे गेलेली कोणतीही बातमी दुप्पट होऊन बाहेर येते. मूळ बातमी स्पष्ट असली तर ऐकायला मजा येते, धूसर असली तर गोंधळ दुप्पट होतो. माझ्या खोक्यातली प्लॅस्टिकची तिप्पट बार्लो ही त्यांची धाकटी बहीण. चांगल्या काचेची दुप्पट बार्लो घेतली तर एका आयपीसची दोन होतात. मी हरखून म्हणालो, "मग २५ चं आणि १२.५ चं घेतो." ते जाणते गृहस्थ म्हणाले, "२५ ला बार्लो लावली की १२.५ च झालं. एकच साडी दोनदा घेणार?" म्हणून २५ आणि १०. पट आल्या २८ आणि ७०, बार्लो लावून ५६ आणि १४०. सगळ्या १५२ च्या आत. पोळी कुठेच फाटत नाही.

नवी आयपीस घरपोच यायला दसरा उलटला. दरम्यान सेक्रेटरींनी माझ्या परस्पर फळ्यावर लिहून टाकलं, 'कोजागिरीनिमित्त गच्चीत दूध व दुर्बीण.' दुर्बिणीनं चंद्र बघायला पौर्णिमा हा महिन्यातला सगळ्यांत वाईट दिवस. सूर्याचा प्रकाश समोरून पडतो, विवरांच्या सावल्याच नसतात आणि चंद्र तापलेल्या तव्यावरच्या भाकरीसारखा सपाट दिसतो. विवरं बघायची तर शुद्ध अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "अष्टमीला दूध कोण पिणार?"

कोजागिरीच्या रात्री लोकांनी पहिल्यापासून गलका केला, "मोठं करून दाखवा!" ५२५ पटीची कीर्ती सोसायटीभर झाली होती. शेवटी मी ४ चं लावलं. १७५ पटीत चंद्राचा एक तृतीयांश तुकडाच मावतो. पहिल्या काकूंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "पांढरं आहे." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या हॉलचं सिलिंग असंच आहे." शिवाय पृथ्वी फिरते. ही गोष्ट चौथीत शिकलेली असली तरी खरी पटते ती गच्चीवर रांग लावल्यावर. एवढ्या पटीत कोणतीही गोष्ट पटलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळीसेक सेकंदांत निघून जाते. पदर सावरून, चष्मा काढून, कुणाकडे तरी धरायला देऊन, वाकून बघेपर्यंत पृथ्वी तेवढी थांबत नाही. त्यात चार पोरं पळत गेली की ट्रायपॉड थरथरतो. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, म्हणून प्रतिमा पाण्याखाली ठेवल्यासारखी हलते. एक आजी म्हणाल्या, "चंद्राला ताप आलाय वाटतं."

मग सेक्रेटरींनी शनी मागितला. शनी चंद्राजवळच होता, सापडला. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "कडं कुठंय?" आता त्यांना काय सांगणार? २०२५ हे साल शनीच्या कड्यांसाठी मुलखाचं नाट लागलेलं साल. साधारण पंधरा वर्षांतून एकदा ती आपल्या नजरेसमोर बरोबर आडवी येतात. मार्चमध्ये ती तशी आली होती आणि ऑक्टोबरातही जेमतेम उघडली होती. मण्यात टाचणी टोचल्यासारखं दिसत होतं. मी सांगितलं, की १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या बाजूला दोन गोळे दिसले होते, १६१२ मध्ये ते गायब झाले आणि तोही असाच बुचकळ्यात पडला होता. सेक्रेटरी म्हणाले, "त्यानं दुकानदाराला विचारलं होतं का?"

शेवटी मी कुणाला न विचारता २५ चं प्लॉसल लावलं. २८ पट. अख्खा चंद्र काळ्या आकाशात सुटा टांगलेला दिसू लागला, भोवती ऐसपैस अंधार, कडेशी अगदी बारीकसा खडबडीतपणा. एवढ्या पटीत चंद्र पटलावरून सरकायला सात मिनिटं लागतात, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वाकून डोळा लावला. एक मिनिट झालं, दोन झाली. रांगेतलं कुणी खाकरलं नाही. आजोबा उठले, कंबर सरळ केली आणि म्हणाले, "हं."

पुण्यात याहून मोठी दाद नाही.

नंतर कुणीतरी दुधाचा पेला हातात धरून विचारलं, "ही किती पट?" मी खरं सांगितलं, अठ्ठावीस. गॅलिलिओनं गुरूचे चार चंद्र शोधले ते साधारण वीस पटीत, हायगेन्सनं शनीचा टायटन हा चंद्र शोधला तो पन्नासच्या आत-बाहेर पटीत, हेही सांगितलं. तो गृहस्थ विचारात पडला. मग म्हणाला, "आमच्या मेव्हण्याला सांगायला हवं."

तेव्हापासून माझं २५ चं आयपीस गच्चीपेक्षा घरातच जास्त वापरात आहे. हातात धरलं तर ते दहा पटीचं उत्तम भिंग होतं, आणि पंचांगातले बारीक आकडे त्यात लख्ख दिसतात, हा शोध आईनं लावला. आता मला आकाश बघायचं असलं की आधी तिची चतुर्थी बघून व्हावी लागते.

नवी दुर्बीण घेणाऱ्यांना एवढंच सांगणं. पहिले काही महिने सगळ्यांत मोठ्या आकड्याचं, म्हणजे सगळ्यांत कमी पटीचं आयपीस लावा. थंडीत कृत्तिका बघा, मृगाच्या तलवारीतला धूसर मेघ बघा. ते लाटून पातळ करायच्या गोष्टी नाहीत. नवं काही विकत घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून या. आपल्या गावात अशी माणसं आहेत आणि ती दाखवायला टपलेली असतात. खोक्यावरचा आकडा वाचू नका.

आणि एक. आमच्याकडे ४ मिलिमीटरचं एक आयपीस आणि तिप्पट बार्लो, जवळजवळ न वापरलेलं, विनामूल्य देणं आहे. गरजूंनी घेऊन जावं. परत आणून देऊ नये.